गिफ्टमधला फापटपसारा पहिल्यांदा कुणाला खटकला?

सस्टेनेबल, म्हणजे पर्यावरणाला झेपेल असं गिफ्ट म्हटलं की कापडी पिशवी, कुंडीतलं रोप, बांबूचा टूथब्रश असलं काहीतरी डोळ्यापुढे येतं आणि वाटतं की हे आत्ता आत्ताचं फॅड असणार. पण ही कुरकुर शंभर वर्षांहून जुनी आहे आणि सुरू झाली तेव्हा त्यात पर्यावरणाचं कुणी नावही काढत नव्हतं, भानगड होती पगाराची.

झालं असं की न्यूयॉर्कमधे दुकानांत वगैरे काम करणाऱ्या मुलींना ख्रिसमस आला की साहेबाच्या गिफ्टसाठी वर्गणी द्यावी लागायची, आधीच तुटपुंजा पगार आणि नाही म्हटलं तर डोळ्यावर येणार. (ऑफिसात पाकीट फिरतं तेव्हा शेजारच्याने किती टाकले ते आपण तिरक्या नजरेने बघतो ना, तेच.) मग १९१२ मधे थेट 'सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ यूसलेस गिव्हिंग' निघाली, शॉर्टमधे 'स्पग'. पुढाकार पूर्वीची अभिनेत्री एलेनॉर बेलमाँट आणि बँकर जे. पी. मॉर्गनची मुलगी अ‍ॅन मॉर्गन यांचा, म्हणजे स्वतः दोघी गडगंज, आणि माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टसुद्धा मेंबर झाले. गिफ्ट देऊच नका असं यांचं म्हणणं नव्हतं, नाइलाजाने देऊ नका एवढंच. पुढे पहिलं महायुद्ध आलं आणि हे सगळं मागे पडलं.

आणि गंमत बघा, त्याच युद्धाच्या काळात १९१७ ला कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानातला टिश्यू पेपर ऐन सीझनमधे संपला, तेव्हा गिफ्ट त्यातच गुंडाळायची पद्धत होती. मग त्यांनी पाकिटांना आतून लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद काढून विकायला ठेवला आणि तो हातोहात खपला. हेच पुढे ग्रीटिंग कार्डवाली हॉलमार्क कंपनी झाले. चिकटपट्टी तर १९३० ची. म्हणजे आपण जी परंपरा समजून टराटरा फाडतो ती एवढीशीच जुनी. त्यातला चकचकीत कागद बऱ्याचदा रिसायकलही होत नाही, मुठीत चुरगाळून सोडून बघा, परत उलगडला तर त्यात बहुतेक प्लास्टिक आहे. जपानमधे कापडात गुंडाळायची फुरोशिकी आधीपासूनच होती, २००६ मधे तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी तिचा मुद्दाम प्रचार केला तोही प्लास्टिक बाटल्यांपासून बनवलेलं कापड घेऊन.

पण 'वायफळ खर्च' हे कोण कुणाला म्हणतंय तेही बघायला हवं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांमधे पॉटलॅच असायचा, त्यात यजमान आपली संपत्ती वाटून टाकायचा आणि त्यातून त्याचा मान ठरायचा. सरकारला ही उधळपट्टी वाटली, १८८४ मधे कायदा करून बंदी घातली ती थेट १९५१ ला उठली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉसने १९२५ च्या त्याच्या गाजलेल्या निबंधात असल्याच प्रथा घेऊन दाखवलं की भेट कधी फुकट नसते, द्यावी लागते, घ्यावी लागते आणि परतही करावी लागते. स्पगवाल्या मुलींना हे निबंधाशिवायच कळलं होतं म्हणा.

गिफ्टमधे किती पैसे वाया जातात याचा हिशोब मांडला तो १९९३ मधे अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेलने. विद्यार्थ्यांना विचारलं, मिळालेल्या वस्तूची भावना सोडून तुमच्या लेखी किंमत किती? उत्तर खऱ्या किमतीपेक्षा साधारण दहा टक्के ते एक तृतीयांश कमी. नातेवाईक वयाने जितके लांबचे तितकं नुकसान जास्त, मित्रांनी दिलेल्या वस्तूंत सगळ्यात कमी, कारण उघड आहे, त्यांना माहीत असतं आपल्याकडे काय आहे नि काय नाही.

'सस्टेनेबल' हा शब्द पर्यावरण आणि विकासावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालानंतर सगळीकडे पसरला आणि हळूहळू गिफ्टवरही येऊन बसला, दुकानदारांनी तर तो झेललाच. माझ्याकडे भेट आलेल्या तीन कापडी पिशव्या आहेत, तिन्ही प्लास्टिकमधे गुंडाळून आल्या होत्या.