थिंग (शब्द)

थिंग : जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, डॅनिश इत्यादी) भाषांमधील एक जुना शब्द. इंग्रजीत आज तो 'वस्तू' किंवा 'बाब' एवढ्याच अर्थाने उरला आहे. मूळ अर्थ मात्र सभा, त्यातही तंटे सोडवण्यासाठी भरणारी. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतील 'थीह्स' (काळ, वेळ) हा त्याचा सगोत्र, म्हणजे एकाच मुळाचा शब्द मानतात, म्हणून 'नेमलेली वेळ' ही कल्पना सभेच्याही आधीची असावी.

सभेपुढे तंटा येई. मग त्या तंट्यालाच थिंग म्हणू लागले, पुढे कुठल्याही बाबीला आणि अखेर हातात धरता येईल अशा वस्तूलाही. इंग्लंडमधील केंटच्या सातव्या शतकातील कायद्यांत शब्द सभेसाठीच आला आहे. डॅनिशने दोन्ही अर्थ जपले, फक्त लिंग बदलून: 'एन टिंग' म्हणजे वस्तू, 'एट टिंग' म्हणजे सभा. डेन्मार्कची संसद फोल्केटिंग, नॉर्वेची स्टोर्टिंग. जर्मन 'डिंग' मात्र वस्तूच झाला.

आइसलँडची आल्थिंग 930 मध्ये थिंगवेट्लिरच्या मैदानात भरू लागली. लेखी कायदे नव्हते तेव्हा कायदेवक्ता दरवर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवी. 1800 मध्ये ती बंद पडली. 1845 पासून रेक्याविकला भरते. आइल ऑफ मॅन बेटाच्या टिनवल्ड या संसदेचे आणि स्कॉटलंडमधील डिंगवॉल गावाचे नावही 'सभेचे मैदान' असेच. इंग्रजी निवडणुकीतला 'हस्टिंग्ज' (प्रचारसभा) हा शब्द 'घरची सभा' या अर्थाच्या नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन शब्दापासून आला.

रोमन ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीवरील हाउसस्टेड्स येथे 'मार्स थिंक्सस' (थिंगचा मार्स) या देवाला वाहिलेली वेदी सापडली आहे. जर्मन 'डीन्स्टाग' व डच 'डिन्सडाख' ही वारांची नावे याच सभादेवाशी जोडतात. वार अर्थात मंगळवार. मार्स म्हणजे मंगळच.

लॅटिनची वाट वेगळी, पण मुक्काम तोच. 'काउझा' म्हणजे कारण किंवा खटला. त्यापासून फ्रेंच 'शोज' आणि इटालियन व स्पॅनिश 'कोसा' निघाले, आणि या तिन्हींचा अर्थ वस्तू. जर्मन 'झाखे'चेही तसेच: आधी वाद, मग बाब.

मराठी 'गोष्ट' थिंगची नातेवाईक नाही, चाल मात्र तीच. ती संस्कृत 'गोष्ठी'वरून, म्हणजे मंडळींची बैठक व तिथल्या गप्पा. आणि गोष्ठीच्या मुळाशी 'गोष्ठ', म्हणजे गुरांचा गोठा. बैठकीतून बाब झालीच, शिवाय कहाणीही झाली. ते थिंगला जमले नाही.