आइस टी

आइस टी : कोऱ्या चहाचा कडक अर्क बर्फावर ओतून, साखर व लिंबू घालून प्यायचे थंड पेय. मराठीत त्याला स्वतःचे नाव नाही. ‘गार चहा’ म्हणावे, तर तो शब्द आपण आधीच तक्रारीसाठी राखून ठेवला आहे. बोलण्याच्या नादात विसरलेला, वर साय धरलेला कप म्हणजे गार चहा. तो पुन्हा तापवतात, नाहीतर मोरीत ओततात. आइस टीचे त्याच्याशी नाते नाही. आले घालून उकळलेल्या दुधाच्या चहात बर्फाचे खडे टाकले, तर जे हाती येते ते ना चहा ना सरबत. आपल्या स्वयंपाकघरात आइस टीची खरी जागा लिंबू सरबत, कोकम सरबत आणि पन्हे यांच्या पंगतीत आहे. तो बिघडतो तोही बहुधा रोजच्या चहाच्या सवयीने केल्यामुळे.

इतिहास : या पेयाची गोष्ट चहापेक्षा बर्फाची अधिक आहे. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने न्यू इंग्लंडमधील गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून जहाजाने परदेशी विकायला १८०६ मध्ये सुरुवात केली. पहिली खेप वेस्ट इंडीजमधील मार्टिनिकला गेली. त्याचा बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्याला पोहोचला आणि १८३४ मध्ये मुंबईत उतरला. त्यासाठी फोर्ट भागात पुढे बर्फखानाही उभा राहिला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइसक्रीम दिले आणि मग सगळ्यांना पडसे झाले, ही हकिकत त्याच दिवसांतली म्हणून सांगतात. आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला जानेवारी १८३९ मध्ये. म्हणजे भारतीय चहा बाजारात येण्यापूर्वीच मुंबईच्या धनिकांच्या टेबलावर बर्फ होता. तरीही या दोघांची गाठ इथे पडली नाही. ती पडली अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे उन्हाळा आपल्यासारखाच असतो आणि उत्तरेकडचा बर्फ स्वस्तात मिळू लागला होता.

व्हर्जिनियातल्या पाककृतींच्या, १८७९ मध्ये छापल्या गेलेल्या एका संग्रहात आइस टीची सविस्तर कृती आहे. ती आजही चालेल अशी आहे. रात्रीच्या जेवणासाठी हवा असेल तर सकाळी न्याहारीच्या वेळीच चहावर उकळते पाणी ओतून ठेवायचे, नंतर गाळायचा, पेल्यात बर्फ आणि दोन चमचे साखर घालून त्यावर ओतायचा, आणि तुरटपणा जावा म्हणून लिंबू पिळायचे. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की हा चहा हिरवा होता. त्या काळी अमेरिकेत चीन-जपानचा हिरवा चहाच जास्त खपे.

आइस टीचा शोध मिसूरी राज्यातल्या सेंट लुइस येथे १९०४ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात लागला, ही कथा मात्र जास्त लोकप्रिय आहे. तिच्यात भारताचाही वाटा आहे. भारतीय चहाच्या परदेशातील प्रचारासाठी १९०३ मध्ये चहावर उपकर बसवण्यात आला होता. भारतीय चहाचा प्रचारक रिचर्ड ब्लेचिंडन प्रदर्शनात गरम चहा फुकट वाटत होता. पण उकाड्यामुळे कोणी फिरकेना, तेव्हा त्याने चहा बर्फातून गार करून दिला आणि रांग लागली, असे ती कथा सांगते. गोष्ट चांगली आहे, पण शोधाची नाही. त्याच मिसूरी राज्यातल्या नेव्हाडा या गावी १८९० मध्ये माजी सैनिकांचा मेळावा भरला होता. त्यात ८८० गॅलन, म्हणजे सुमारे ३,३०० लिटर आइस टी खपल्याची वृत्तपत्रीय नोंद आहे. ब्लेचिंडनच्या पदरी प्रसिद्धीचे श्रेय टाकता येईल, त्याहून अधिक नाही. पुढे १९२० ते १९३३ या काळातील दारूबंदीत हॉटेलांना थंड पेयांची गरज भासली. दुसऱ्या महायुद्धात जपानचा आणि चीनचा हिरवा चहा बंद झाल्यावर पेल्यात काळा चहा आला, तो तिथेच राहिला. आज अमेरिकेत प्यायला जाणारा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त चहा थंडच असतो. दक्षिणेकडच्या राज्यांत तो साखरेच्या पाकासारखा गोड लागतो. साउथ कॅरोलिनाने तर १९९५ मध्ये कायदा करून चहाला राज्याचे ‘आतिथ्यपेय’ ठरवले. आपल्याकडे ते बिरुद चहाला कायद्यावाचूनच मिळालेले आहे.

बर्फाचे गणित : घरी केलेला आइस टी पाणचट होतो, ही सर्वांत मोठी तक्रार. तिचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता घेतो, आणि त्या पाण्याचे तापमान ०° वरून ५° से. पर्यंत जायला आणखी ५, एकूण ८५. एक ग्रॅम चहा ९०° वरून ५° वर आणायचा, तर त्यातून काढून घ्यावी लागणारी उष्णताही ८५ कॅलरीच. हिशेब डोळे मिटून करता येईल इतका सरळ आहे: कढत चहाला त्याच्याच वजनाचा बर्फ लागतो, आणि तो सगळा वितळून पाणी होतो. म्हणून लगेच गार करायचा चहा दुप्पट कडक हवा. तोच चहा आधी ३०° पर्यंत निवू दिला, तर लिटरमागे ३०० ग्रॅमपेक्षा थोडा कमी बर्फ पुरतो.

घरच्या फ्रीजमधला साधा ट्रे ध्यानात घेतला, तर दुसरी वाट शहाणपणाची. अर्धा किलो बर्फ म्हणजे मध्यम आकाराचे वीस-पंचवीस खडे, म्हणजे सहसा दोन ट्रे रिकामे. पाहुणे चार आणि बर्फ एकालाच पुरेल, अशी गत होते. परातीत नळाचे पाणी घेऊन त्यात चहाचे पातेले वीस मिनिटे ठेवले की निम्म्याहून जास्त काम फुकटात होते. उरलेला कोरा चहा ट्रेमध्ये ओतून त्याचेच खडे करावेत. ते वितळले तरी चव पातळ होत नाही.

चहाची निवड : आपल्या डब्यातला दाणेदार चहा सीटीसी पद्धतीचा असतो. पान चिरडून, फाडून, गोळी वळवणारे हे यंत्र विल्यम मॅकर्चर याने १९३० मध्ये आसामात तयार केले. दाणा लवकर उतरतो, रंग गडद देतो, दुधापुढे दबत नाही. ज्या गुणांमुळे तो अमृततुल्यच्या पातेल्यात शोभतो, तेच गुण इथे आड येतात: दूध नसल्याने तुरटपणा थेट जिभेवर येतो. म्हणून सीटीसी वापरायचा तर कमी घालावा आणि दोन-अडीच मिनिटांत गाळावा. अख्ख्या पानाचा, ज्याला व्यापारात ऑर्थोडॉक्स म्हणतात, तो चहा अधिक चांगला. त्यातही निलगिरीचा घ्यावा. तो गार झाल्यावर फारसा गढूळ होत नाही, म्हणून आइस टीच्या मिश्रणांत त्याला खास मागणी असते. दार्जिलिंगचा पहिल्या तोडीचा महाग चहा लिंबू-साखरेत बुडवणे म्हणजे पैठणीचे पायपुसणे करणे.

कृती : चार पेल्यांसाठी अर्धा लिटर पाणी उकळून आच बंद करावी. त्यात १० ते १२ ग्रॅम (साधारण पाच लहान चमचे) पानाचा चहा टाकून झाकण ठेवावे. चार मिनिटांनी गाळावा. सीटीसी असेल तर ७-८ ग्रॅम पुरे. चहा उकळू देऊ नये आणि गाळणीतला चोथा चमच्याने दाबू नये. या दोन सवयी मोडणे हीच खरी कृती आहे. गरम असतानाच ५० ते ६० ग्रॅम साखर विरघळवावी. मग अर्धा किलो बर्फावर ओतून ढवळावे आणि शेवटी दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालावा. बर्फ आणि कढत अर्क यांची भेट स्टीलच्या पातेल्यात घडवावी. काचेचा जग तडकतो.

गार पाण्यात साखर विरघळत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. २०° से. ला एक लिटर पाण्यात जवळजवळ दोन किलो साखर मावते, पण ती विरघळते फार सावकाश. तोवर पेला संपतो आणि तळाशी साखर उरते. ज्याला त्याला हवे तितके गोड करता यावे, तर समभाग पाणी-साखरेचा पातळ पाक बाटलीत करून ठेवणे सोयीचे.

लिंबू पडताच चहाचा तांबूस-काळा रंग झर्रकन सोनेरी होतो. काळ्या चहातील थेअरुबिजिन हे रंगद्रव्य आम्लात फिके पडते. चहा पातळ झालेला नसतो. पुदिना किंवा आल्याचा रस यांपैकी एकच काही घालावे. गवती चहाची पात मात्र अर्कातच टाकावी. ती गार पाण्यात वास सोडत नाही. भिजवलेला सब्जा घातला तर मुलांना आवडतो.

गढूळपणा : सकाळी पारदर्शक दिसणारा चहा फ्रीजमधून काढल्यावर दूध टाकल्यासारखा धुरकट दिसतो. तो नासलेला नसतो. कॅफीन आणि चहातील पॉलिफेनॉल ही तुरट द्रव्ये गरम पाण्यात वेगवेगळी विरघळलेली असतात, थंड होताच एकत्र येऊन त्यांचे बारीक कण बनतात. चहाच्या व्यवसायात याला ‘क्रीम’ म्हणतात. अर्क जितका कडक आणि पाणी जितके जड, म्हणजे क्षारयुक्त, तितका गढूळपणा अधिक. बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्या घरांत तो ठरलेलाच. फिल्टरचे पाणी वापरणे हा उपाय. झालेलाच गढूळ तर थोडे उकळते पाणी घातल्यावर निवळतो. अमेरिकेच्या दक्षिणेत अर्कात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. त्याने तुरटपणा मरतो आणि रंग गडद होतो. चिमूट म्हणजे चिमूटच, नाहीतर साबणाची चव लागते.

थंड पाण्यातला चहा : याहून सोपी आणि माझ्या मते सरस रीत जपानी मिझुदाशीची आहे. एक लिटर गार पाण्यात ८-१० ग्रॅम पाने टाकून फ्रीजमध्ये सहा ते आठ तास ठेवायची आणि गाळायची. थंड पाणी तुरट द्रव्ये आणि कॅफीन कमी ओढते, त्यामुळे चहा गोडसर लागतो, साखर निम्मी पुरते आणि गढूळपणाचा प्रश्नच येत नाही. हिरव्या चहाला तर ही पद्धत अधिकच मानवते. रात्री झोपताना बाटली भरली की दुसऱ्या दिवशी काम संपलेले असते.

बाटली फ्रीजऐवजी उन्हात ठेवून ‘सूर्यचहा’ करण्याची पद्धत अमेरिकेत रूढ होती. विदर्भातले एप्रिल-मेचे ऊन पाहता ती कोणालाही सुचेल, पण करू नये. बाटलीतले पाणी ५०-५५° च्या पुढे सहसा जात नाही. पानांवरचे जिवाणू मरायला ते अपुरे असते आणि तासन् तास कोमट राहिल्याने त्यांची वाढ होऊ शकते. चहा दाट, तार सुटल्यासारखा झाला तर तो फेकावाच. नीट केलेला आइस टीही फ्रीजबाहेर दिवसभर ठेवू नये. फ्रीजमध्ये दोन दिवसांत संपवावा, आणि लिंबू पिताना घालावे.

बर्फ बाहेरून आणायचा तर तो खाण्याचा आहे याची खात्री करून घ्यावी. मासे आणि भाजी टिकवण्यासाठीच्या लाद्या पिण्यायोग्य पाण्याच्या असतीलच असे नाही. त्या ओळखू याव्यात म्हणून अशा अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१८ मध्ये करण्यात आली.

इतर प्रकार : दुधाचा चहा गार पिण्याची रीत थायलंडमध्ये आहे. तिथला केशरी रंगाचा ‘चा येन’ आटवलेल्या गोड दुधात करतात; अर्थात त्यात लिंबू नसते, नाहीतर दूध फाटेल. हाँगकाँगमध्ये लिंबाच्या चकत्या पेल्यातच चमच्याने चेचतात. साबुदाण्यासारख्या टॅपिओकाच्या गोळ्या घातलेला बबल टी १९८० च्या दशकात तैवानमध्ये निघाला. जपानी उन्हाळ्यातला मुगिचा भाजलेल्या सातूचा असतो, त्यात चहाचे पान नसते. आणि ‘लाँग आयलंड आइस टी’ हे मद्यमिश्रण आहे, त्यात तर चहाचा थेंबही नाही. तयार पावडरीच्या पाकिटावरही घटकांची यादी वाचून पाहावी. पहिले नाव बहुधा साखरेचे असते.

आरोग्य : कोऱ्या चहात दूध नसले तरी कॅफीन असते, मुलांना संध्याकाळी पेले भरभरून देऊ नये. जेवणासोबत घेतलेला चहा वरणभात-भाजीतील लोह नीट शोषू देत नाही, लिंबामुळे हा अडथळा थोडा कमी होतो. काळ्या चहात ऑक्झलेट हे मूत्रपिंडांत साठून त्यांना इजा करू शकणारे द्रव्यही असते. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या ५६ वर्षांच्या एका गृहस्थाची मूत्रपिंडे निकामी झाली, त्याचे कारण डॉक्टरांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले: तो रोज आइस टीचे १६ पेले, म्हणजे पावणेचार लिटर चहा पीत होता.