लॅटरॅलस

टूल या लॉस अँजेलिसच्या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचे गीत. याच नावाच्या अल्बममध्ये (मे 2001, निर्माता डेव्हिड बॉट्रिल) ते नववे असून त्याची लांबी साडेनऊ मिनिटांच्या आतबाहेर आहे. गायन मेनार्ड जेम्स कीनन, गिटार ॲडम जोन्स, बास जस्टिन चॅन्सेलर, ड्रम्स डॅनी कॅरी. शीर्षकात मांडीच्या एका स्नायूचे लॅटिन नाव आणि चाकोरीबाहेरचा विचार, अशा दोन्ही अर्थांची सरमिसळ दिसते.

गीताची ख्याती त्यातील अंकरचनेवर उभी आहे. कडव्यातील तुकड्यांची अक्षरे मोजली, तर 1, 1, 2, 3, 5, 8, 5, 3 असा क्रम मिळतो. पुढच्या फेरीत तो 13 पर्यंत चढून पुन्हा उतरतो. ही फिबोनाची श्रेणी होय : तीत प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. पिसाच्या लेओनार्दोच्या, म्हणजेच फिबोनाचीच्या, ग्रंथात (1202) ती येते. तथापि विरहांक (काळ साधारणतः 6 वे ते 8 वे शतक) व हेमचंद्र (12 वे शतक) या भारतीय छंदशास्त्रकारांनी ती लघु (एक मात्रा) व गुरू (दोन मात्रा) अक्षरांचे प्रस्तार, म्हणजे शक्य मांडण्या, मोजताना आधीच मांडली होती, आणि श्रेणीचे मूळ तेथेच शोधणे अधिक सयुक्तिक. मात्र तेथे श्रेणीतील अंक म्हणजे दिलेल्या मात्रांत बसणाऱ्या वृत्तरचनांची संख्या. या गीतात लघु-गुरू भेद न करता नुसती अक्षरे मोजली जातात. म्हणजे छंदशास्त्राच्या परिभाषेत हे मात्रावृत्त नव्हे, अक्षरसंख्याक रचना.

ध्रुवपदात 9/8, 8/8 व 7/8 अशी, म्हणजे अनुक्रमे नऊ, आठ व सात अष्टमांश ठोक्यांची, आवर्तने एकापाठोपाठ येतात. सुरुवातीला गीताला याच अंकांवरून ‘9-8-7’ म्हणत. 987 ही श्रेणीतील सोळावी संख्या आहे, हे नंतर ध्यानात आले, असे बँडकडून सांगितले गेले. तिन्हींची बेरीज 24, म्हणजे साध्या 4/4 ची (प्रत्येकी आठ अष्टमांश) नेमकी तीन आवर्तने. त्यामुळे ताल सतत सरकत असूनही समेवर येण्याची जाणीव टिकते. श्रेणीपेक्षा हा गुण ऐकताना अधिक जाणवतो.

श्रोत्यांनी याहून बरेच काही शोधले. गायन सुमारे 97 व्या सेकंदाला सुरू होते, म्हणजे 1.617 मिनिटांनी, म्हणून तो सुवर्ण गुणोत्तराचा (सुमारे 1.618; श्रेणीतील लगतच्या संख्यांचे गुणोत्तर याकडे झुकत जाते) संकेत, असा एक दावा आहे. तो ताणलेला वाटतो. मिनिटाचे साठ भाग करणे ही केवळ रूढी आहे. अल्बममधील 13 गीतांची, क्रमांकांची बेरीज 13 येईल अशा जोड्या लावून केलेली फेरमांडणीही श्रोत्यांचीच.

अल्बम बिलबोर्ड 200 या अमेरिकेतील लोकप्रिय अल्बमांच्या यादीत थेट पहिल्या स्थानी आला. समीक्षकांत एकमत नव्हते : पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने त्याला 10 पैकी 1.9 गुण दिले. 2002 चा ग्रॅमी पुरस्कार याच अल्बममधील ‘स्किझम’ला मिळाला. प्रस्तुत गीताची प्रतिष्ठा मात्र पुरस्कारांपेक्षा गणितप्रेमी श्रोते व ड्रमवादक यांच्यातील चर्चेतून वाढली.