अपरिचिताचा शोध, आंतरजालावरील

आपल्याला जे ठाऊकच नाही, ते आंतरजालावर सापडण्यात येणारी अडचण. नाव किंवा कर्ता माहीत असलेली गोष्ट शोधयंत्र क्षणात काढून देते. जिच्या अस्तित्वाचीच कल्पना नाही, तिच्यासाठी काय टंकावे येथेच वाचक अडतो.

या अडचणीची पहिली मांडणी कोणाची, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक ती प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादापर्यंत (इ. स. पू. सुमारे चौथे शतक) मागे नेतात. जे मुळीच ठाऊक नाही ते शोधायचे कसे, आणि समोर आले तरी ओळखायचे कसे, असा प्रश्न तेथे येतो; मात्र त्याचा रोख ज्ञानमीमांसेकडे, म्हणजे ज्ञान कसे होते या विचाराकडे आहे, शोधसाधनांकडे नाही. ग्रंथालय व माहितीशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये वाचकाच्या गरजेच्या चार अवस्था सांगितल्या : न उमगलेली, जाणवलेली, शब्दांत मांडलेली आणि ग्रंथालयाच्या पद्धतीशी जुळवून घेतलेली. माहितीशास्त्रज्ञ निकोलस बेल्किन यांनी १९८० मध्ये पुढचे पाऊल टाकले. आपल्या माहितीत नेमके काय कमी आहे हे वाचकाला सांगता येत नाही आणि यंत्र तर तेच विचारते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. माहितीशास्त्रात बेल्किन यांचा आधार वारंवार घेतला जातो. तथापि भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी तिसरा, ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’, अधिक मूलगामी वाटतो. तो शोधाचा भार वाचकाच्या प्रश्नावर न ठेवता संग्रहाच्या मांडणीवर टाकतो. मुक्तद्वार कपाटांचा, म्हणजे वाचकाने स्वतः पुस्तके चाळावीत असा त्यांचा आग्रह याच विचारातून आलेला आहे.

कारणांविषयी दोन मते आढळतात. ईलाय पॅरिसर (२०११) यांच्या मते वाचकाच्या सवयी पाहून निकाल निवडणारी यंत्रे त्याला परिचितातच फिरवत ठेवतात. ॲक्सेल ब्रन्स (२०१९) यांनी या मताला पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले आहे. दुसरे मत शब्दांच्या विसंगतीवर भर देते. जॉर्ज फर्नस व सहकाऱ्यांच्या १९८७ मधील अभ्यासानुसार एकाच वस्तूसाठी दोन माणसांनी आपणहून तोच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. पुण्यापुरते पाहिल्यास हेच कारण अधिक पटते. कात्रजहून शनिवारवाड्याकडे पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळावर (सुमारे १७५०) हवा सुटण्यासाठी केलेल्या बांधकामांना उच्छ्वास म्हणतात. असे एखादे दगडी बांधकाम पाहून कुतूहल वाटलेला माणूस ‘जुना दगडी मनोरा पुणे’ असेच टंकणार, आणि त्याला देवळे व किल्ले दिसणार. नुसते ‘उच्छ्वास’ टाकले तर श्वसनक्रियेची पाने पुढे येतात. ‘कात्रज नळ’ हे शब्द सुचण्यासाठी विषय आधी माहीत असावा लागतो.

मराठीत या अडचणीत लेखनसंकेतांची भर पडते. युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला संगणकात ठरावीक संकेतस्थान देणारी पद्धत) रुळण्यापूर्वीचा पुष्कळ मजकूर रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी मराठी आकार बसवणाऱ्या फाँटमध्ये साठवलेला आहे. डोळ्यांना तो मराठी दिसतो, शोधयंत्राला मात्र निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्येही एकवाक्यता नाही. ‘ऱ्या’ हे जोडाक्षर ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णापासून बनवता येते, तसेच साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊनही, छापील रूप एकच, साठवण वेगळी. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेतस्थान २००८ मध्ये (आवृत्ती ५.१) मिळाले, त्याआधीचे लेखन ‘अ’वर चंद्र देऊन किंवा हिंदी वळणाचा ‘ऍ’ योजून झाले. मोठी शोधयंत्रे हे भेद बहुधा जुळवून घेतात. संस्थांच्या लहान सूचींकडून ती अपेक्षा धरता येत नाही. त्यातच विहीर, विहिरीत, विहिरींचा अशी विभक्तिरूपे आहेत; साध्या सूचीला ती वेगवेगळे शब्द वाटतात. मोडी लिपीला तर युनिकोडमध्ये स्थानच २०१४ मध्ये मिळाले, त्यामुळे पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरासारखा प्रचंड संग्रह शब्दशोधाच्या जवळजवळ बाहेर आहे. मराठी वाचकाचे हे नुकसान भाषांतराने भरून निघणारे नाही.

मांडणीतून होणारी ओळख पुण्याला जुनी आहे. पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) व भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (१९१७) येथील सूची विषयवार चाळणाऱ्याला शेजारची नोंद आपोआप दिसते. अप्पा बळवंत चौकातील मुरलेल्या विक्रेत्याला ‘तो निळ्या कव्हराचा, शेतीच्या हिशेबाचा’ एवढे सांगितले तरी तो पुस्तक काढून देतो, वर ‘हेही बघा’ म्हणून दुसरे पुढे सरकवतो. शोधपेटीत ही दुसरी क्रिया घडत नाही.

उपायांपैकी हाताने रचलेल्या विषयनिर्देशिका मागे पडल्या : याहूची १९९४ ची निर्देशिका २०१४ मध्ये, तर स्वयंसेवकांची डीमॉझ (१९९८) २०१७ मध्ये बंद झाली. यदृच्छया पाने दाखवणारे स्टम्बलअपॉन हे संकेतस्थळ २०१८ मध्ये थांबले. मराठी विकिपीडियावर (२००३) ‘अविशिष्ट लेख’ ही कोणतेही एक पान उघडून देणारी सोय आहे. पण तीतून येणारे पान वाचकाच्या कुतूहलाशी जोडलेले नसते, त्यामुळे लेखाखालील वर्गसूची अधिक उपयोगी पडते. अलीकडच्या संवादी भाषाप्रारूपांना (साध्या भाषेतील प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या संगणकप्रणालींना) वस्तूचे वर्णन सांगून नाव विचारता येते. जुन्या मराठी पारिभाषिक शब्दांबाबत त्यांचे उत्तर मूळ साधनाशी ताडून घ्यावे लागते.