व्यायामोपचार, ग्रामीण विदर्भातील

आजार, इजा किंवा लकव्यामुळे गेलेली हालचाल ठरावीक व्यायामांनी परत मिळवण्याची आणि उरलेली टिकवण्याची पद्धत. शास्त्रीय नाव भौतिकोपचार. बोलण्यात ‘फिजिओ’ किंवा नुसती ‘कसरत’.

विदर्भातील कुष्ठसेवेत हिचे मोल विशेष दिसते. वर्ध्याजवळ मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरचे कुष्ठधाम सुरू केले. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी आनंदवन वसवले. कुष्ठरोगात कोपराजवळची नस दुखावली की करंगळी आणि अनामिका आत वळतात. हात पाण्यात भिजवायचा, ओलसर असतानाच तेल लावायचे, मांडीवर उताणा ठेवून दुसऱ्या हाताने बोटे हळूहळू सरळ करायची. हे रोज केले तर सांधे आखडत नाहीत.

आज गरज मोठी आहे ती लकव्याच्या रुग्णांना. गडचिरोलीच्या खेड्यांत ‘सर्च’ संस्थेने केलेल्या पाहणीत पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आढळले. जे वाचतात, त्यांचे पुढचे दिवस बाजेवर जातात. सुंभ सैल पडून बाज खोलगट होते आणि तिच्यावरून उठणे धडधाकट माणसालाही जड जाते. म्हणून आधी सुंभ ताणून घ्यावा, पायांखाली विटा घालून बाज उंच आणि पक्की करावी. मग टाचा गुडघ्यांच्या मागे ओढायच्या, पुढे वाकायचे. नाक पायाच्या बोटांच्या सरळ वर आले की बूड आपोआप सुटते. उठवताना घरचे लुळा हात धरून ओढतात, ते मात्र कटाक्षाने टाळावे: त्याने खांदा निखळतो आणि मागे राहते ते दुखणे. आधार कमरेला द्यावा. काठी चांगल्या हातात. उंबऱ्याची पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा.

मालिश म्हणजे कसरत नव्हे. तेल चोळल्याने बरे वाटते, पण चालणे परत येते ते रुग्णाने स्वतः, पुन्हा पुन्हा केलेल्या हालचालीने. प्रकृती स्थिरावल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली की लगेच सुरुवात करावी; पहिले तीन महिने सर्वांत मोलाचे.

पूर्व विदर्भात हत्तीपायाच्या रुग्णांनाही घोटा वरखाली करणे, टाचा उचलणे असे व्यायाम शिकवतात. त्याने सूज उतरायला मदत होते.

खरी अडचण हंगामाची. रोवणी किंवा कापूस वेचणी लागली की घरचे सगळे वावरात जातात आणि रुग्णाला उभे करायला घरी कोणी उरत नाही. अशा दिवसांत वावरात निघण्यापूर्वी एकदा आणि दिवेलागणीला एकदा, एवढा नेम तरी धरावा.