सनस्क्रीनमधील वनस्पतिजन्य घटक : सिंकोनाच्या सालीपासून काजूच्या टरफलापर्यंत

सनस्क्रीनमध्ये वनस्पतिजन्य घटक वापरण्याची कल्पना आज नवी म्हणून मांडली जात असली, तरी सनस्क्रीनचा इतिहास मुळात वनस्पतींपासूनच सुरू होतो. १८०१ मध्ये योहान रिटर यांनी अतिनील किरणांचा शोध लावला. त्वचा करपते ती उन्हाच्या उष्णतेने नव्हे, तर या किरणांमुळे, हे कळायला मात्र त्यानंतर बराच काळ जावा लागला. १८७८ मध्ये ऑटो फाइल यांनी टॅनिन या झाडांच्या सालीतील तुरट द्रव्यामुळे त्वचेचे उन्हापासून रक्षण होत असल्याची नोंद केली, आणि १८९१ मध्ये फ्रिडरिश हॅमर यांनी सिंकोनाच्या सालीतून मिळणाऱ्या क्विनीनचा त्याच कामासाठी उपयोग करून पाहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत हॉर्स चेस्टनट या झाडापासून काढलेल्या एस्क्युलिनवर आधारलेली मलमेही तयार झाली.

ही द्रव्ये उपयोगी पडतात, त्यामागे एक समान कारण आहे. वनस्पतीला दिवसभर उन्हात उभे राहावे लागते आणि सावलीचा आसरा घेता येत नाही. म्हणून ती स्वतःच्या बचावासाठी फिनॉल वर्गातील संयुगे बनवते, आणि या संयुगांतील वलयाकार रचना अतिनील किरणांची ऊर्जा शोषून घेते. पुढे कारखान्यांत तयार झालेले घटक बरेचसे याच घराण्यातले होते. दिवाळीच्या उटण्यात जी कापूरकाचरी घालतात, तिच्या कंदाच्या तेलात एथिल मेथॉक्सिसिनॅमेट हे संयुग भरपूर असते, आणि जगभर खपलेल्या सनस्क्रीनमधला ऑक्टिनॉक्सेट हा घटक त्याच मेथॉक्सिसिनॅमिक आम्लापासून बनणारे दुसरे संयुग आहे. फरक पडला तो कच्च्या मालात. विसाव्या शतकात असे घटक मोठ्या प्रमाणावर पेट्रोलियमपासून बनू लागले, कारण ते स्वस्त पडत आणि त्यांचा दर्जा प्रत्येक वेळी सारखाच राही. फ्रान्ट्स ग्राइटर यांनी रूढ केलेल्या एसपीएफ या, त्वचेचे उन्हापासून किती पट रक्षण होते हे सांगणाऱ्या, मापामुळे असा सारखेपणा अधिकच आवश्यक झाला.

या व्यवस्थेबद्दल खरी शंका निर्माण झाली ती समुद्राच्या काळजीतून. ऑक्सिबेंझोन या सनस्क्रीनमधल्या आणखी एका किरणशोषक घटकामुळे प्रवाळांच्या अळ्यांना इजा होते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसून आले. त्यानंतर पलाऊ या बेटांच्या देशाने १ जानेवारी २०२० पासून, आणि २०१८ मध्ये कायदा केलेल्या हवाईने १ जानेवारी २०२१ पासून, ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर निर्बंध आणले. प्रवाळांना सर्वांत मोठा धोका तापत्या समुद्राचा आहे, हे नाकारता येत नाही. तरीही वास्कोजवळच्या ग्रांदे बेटाभोवती प्रवाळ आहेत आणि त्याच पाण्यात पर्यटक डुबकी मारण्यासाठी उतरतात, त्यामुळे गोव्याने हा प्रश्न दूरच्या बेटांचा मानू नये, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे या चर्चेत लगेच खोबरेल तेलाचे नाव निघते. २०१० मधील एका मोजणीत खोबरेलाचा एसपीएफ सुमारे ८ आला होता आणि तो आकडा पुष्कळ ठिकाणी उद्धृत केला जातो. पण ती मोजणी त्वचेवर केलेली नव्हती, आणि नंतरच्या मोजण्यांत तेलांची क्षमता अगदीच नगण्य आढळली. केवळ खोबरेल लावून दुपारच्या उन्हात किनाऱ्यावर जाणे धोक्याचे आहे. भिरंडेलाची, म्हणजे कोकमाच्या बियांतील तेलाची, गोष्ट निराळी आहे. त्याचा घट्ट पांढरट गोळा अंगाच्या तापमानाहून किंचित जास्त उष्णतेला वितळतो, म्हणून क्रीमचे आधारद्रव्य या नात्याने ते उत्तम काम देते, मात्र किरण अडवण्याचे काम त्याच्यावर सोपवता येत नाही.

ते काम करू शकतील अशा पदार्थांचा शोध आता टाकाऊ मालाकडे वळला आहे. कागदाच्या लगद्यातून वेगळे होणारे लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य, बहुतांशी जाळले जाते. चीनमधील ग्वांगझू येथील संशोधकांनी २०१५ मध्ये ते १० टक्के प्रमाणात लोशनमध्ये मिसळले, तेव्हा एसपीएफ १५ वरून ५० च्या आसपास गेला. त्याचा गडद तपकिरी रंग ही अडचण मात्र अजून पुरती सुटलेली नाही.

गोव्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा धागा काजूच्या टरफलाचा आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड सत्तरीपासून काणकोणपर्यंत पसरले, आणि बोंडू, फेणी व काजूगर यांचे अर्थकारण त्याच्यावर उभे राहिले. टरफल मात्र उपेक्षितच राहिले. ओल्या बिया सोलणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख चोळून बसतात, कारण टरफलातला चीक बोटांची कातडी सोलवटून काढतो. त्या चिकात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल ही फिनॉल वर्गातलीच संयुगे असतात, आणि तापवल्यावर या आम्लापासून कार्डॅनॉल तयार होते. बिया ड्रममध्ये भाजण्याच्या जुन्या पद्धतीत त्यातले बरेचसे तेल धुरात जाते; गाळून घेतलेले तेल ब्रेकच्या अस्तरांत, रेझिनमध्ये आणि रंगांत वापरले जाते.

जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातील चार्ल्स डी कोनिंग आणि जर्मनी, मलावी व टांझानियातील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याच तेलातील संयुगांपासून यूव्हीए आणि यूव्हीबी हे दोन्ही प्रकारचे अतिनील किरण शोषणारे रेणू तयार केल्याचे प्रसिद्ध केले. कच्चे तेल त्वचेवर लावण्याचा प्रश्नच येत नाही. बिब्ब्याच्या कुळातले हे दाहक द्रव्य रासायनिक प्रक्रियेने पूर्ण बदलल्यावरच अशा वापराचा विचार करता येतो, आणि त्यानंतरही प्रत्येक नव्या रेणूला त्वचेवरील दाह, उन्हातील टिकाऊपणा आणि जलचरांवरील परिणाम या चाचण्यांतून जावे लागते. भारतात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांखाली येते आणि त्यात वापरता येणारे किरणशोषक घटक भारतीय मानक ब्यूरोच्या यादीने ठरतात, त्यामुळे घटक वनस्पतिजन्य असला तरी त्याला या वाटेतून सूट मिळत नाही.