मिशन बोर्डिंग आणि परदेशी पालकत्व

मिशन शाळेत किंवा बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या मुलाच्या जेवणखाणाचा, कपड्यांचा आणि शिक्षणाचा खर्च परदेशातील एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाने, मंडळीने (एका चर्चच्या सभासदांनी) किंवा शब्बाथ शाळेने (रविवारच्या धर्मवर्गाने) ठरावीक रक्कम पाठवून उचलण्याची पद्धत. संस्थांच्या कागदांवर तिला ‘दत्तक पालक योजना’ किंवा ‘शैक्षणिक पालकत्व’ म्हणतात, बोलताना सरळ ‘स्पॉन्सरशिप’. यातला ‘दत्तक’ हा शब्द फसवा आहे. कायद्याने दत्तक घेण्याशी या पद्धतीचा काही संबंध नाही. मूल आपल्या आईबापांचेच राहते आणि पालक म्हणवणारा माणूस बहुधा त्याला कधी भेटतही नाही. पैसा येतो एका मुलाच्या नावाने आणि शिजतो सगळ्यांच्या पातेल्यात. या पद्धतीचे बळ आणि तिच्यावरचे बहुतेक वाद या एकाच गोष्टीतून निघाले आहेत.

सातारा-सांगलीकडे ही पद्धत अमेरिकेतून आली. बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे (स्थापना १८१०) मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८४९ मध्ये साताऱ्यात त्यांचे कायमचे ठाणे झाले. दक्षिणेकडे रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात काम सुरू केले. ते काम पुढे प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनकडे गेले आणि त्याच मिशनने सांगली व मिरज येथे संस्था उभारल्या. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले ते फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स या रेल्वे इंजिनांच्या कारखानदाराच्या देणगीतून. मिरज हे रेल्वेचे जंक्शन, तेव्हा हा योग जुळून आला म्हणायचा. मात्र असे मोठे दाते इमारतींना मिळत. वसतिगृहातल्या रोजच्या भाकरीला लागणारा पैसा लहान लहान वर्गण्यांतून जमवावा लागे आणि त्यासाठी मिशनच्या मासिकांतून एकेका मुलाची हकिकत छापली जाई. अमेरिकन बोर्डाच्या सिलोनमधील जाफना शाळांत तर मुलांना अमेरिकन दात्यांची नावे देण्याची रीत होती. आईबापांनी ठेवलेले तमिळ नाव मागे पडे आणि मुलगा हजेरीपटावर बोस्टनकर होऊन बसे.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर (शिक्षणाविषयीच्या सरकारी आदेशपत्रानंतर) खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली. त्यामुळे शिकवण्याच्या खर्चाचा काही भाग सरकारकडून निघू लागला, पण वसतिगृहाचा बोजा परदेशी देणगीवरच राहिला. आजही अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार शासन देते. मुलाला दोन वेळचे जेवण, अंथरूण आणि अंगावर गणवेश कोण देणार, हा प्रश्न त्या पगाराने सुटत नाही. जत, आटपाडी, माण, खटाव अशा दुष्काळी तालुक्यांतून घर ऊसतोडीला किंवा दुसऱ्या मजुरीला बाहेर पडते तेव्हा शाळा सुटते ती याच कारणाने. जुन्या काळी याला जातीची जोड होती. गावच्या शाळेत ज्यांना बाहेर बसावे लागे, अशा घरांतल्या मुलांना मिशन बोर्डिंगमध्ये पंगतीत जागा मिळत असे. पोटासाठी धर्म बदलल्याचा आरोप या मुलांवर सर्रास झाला. आरोप करणाऱ्यांनी त्यांच्यासाठी दुसरी पंगत मांडली होती का, हेही विचारायला हवे.

धर्मांतराची शंका मात्र निराधार म्हणून झटकता येत नाही. पंडिता रमाबाईंच्या मदतीसाठी डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिच्या मंडळांनी दहा वर्षे वर्गणी देण्याचे वचन दिले. या पैशावर १८८९ मध्ये शारदा सदन ही विधवा व मुलींची निवासी शाळा निघाली, आणि तेथे कोणत्याही धर्माचा आग्रह धरायचा नाही असे ठरले होते. तरी १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात गदारोळ झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. आज राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर या पद्धतीला मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे रूप आले. वर्ल्ड व्हिजन (१९५०) आणि कम्पॅशन (१९५२) या दोन्ही अमेरिकन संस्थांचे पालकत्व कोरियातील युद्धग्रस्त मुलांपासून सुरू झाले. जर्मनीतील किंडरनोटहिल्फे ही संस्था १९५९ मध्ये निघाली ती भारतातील पाच मुलांना मदत करण्यासाठी. पैसे पाठवून खरेच काही होते का, याचे एक चांगले उत्तर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून मिळते. कम्पॅशनच्या भारतासह सहा देशांतील माजी लाभार्थींची पाहणी केली, तेव्हा मदत मिळालेली मुले सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकल्याचे दिसले.

या व्यवहाराचा कणा म्हणजे पत्र. मुलाला क्रमांक असतो, वर्षाला एक छायाचित्र, प्रगतीचा अहवाल आणि नाताळचे शुभेच्छापत्र जाते. मूल मराठीत लिहिते आणि कार्यालयात कुणीतरी त्याचे इंग्रजी करते. ‘बेंदराला बैलांची शिंगं रंगवली’ हे एक वाक्य परदेशात पोहोचवायला भाषांतरकाराच्या तीन ओळी खर्ची पडतात आणि बैलांचे कौतुक तरीही वाटेतच राहते. उलट बाजूने बर्फाची, कुत्र्याची, नातवंडांची छायाचित्रे येतात. एकाच खोलीतल्या एकाला दरमहा पत्र येते आणि दुसऱ्याचा पालक वर्षभर गप्प असतो, याचा सल मुलांना फार लागतो. म्हणून अनेक संस्था वैयक्तिक भेटवस्तू घेत नाहीत आणि आलेली रक्कम सामायिक निधीत टाकतात. देणाऱ्याला मुलाचा चेहरा हवा असतो आणि स्वयंपाकघराला पोत्यांचा हिशेब. दोन्ही सांभाळताना वसतिगृहाच्या अधीक्षकाची तारांबळ उडते.

हा पैसा परकीय योगदान नियमन कायद्याखाली येतो. पहिला कायदा १९७६ चा, त्याच्या जागी २०१० चा आला. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली, एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणे बंद केले आणि सर्व रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यात जमा करणे सक्तीचे केले. मोठ्या संस्थेच्या छत्राखाली चालणाऱ्या लहान बोर्डिंगांना यातली दुसरी अट सर्वांत जड गेली. कम्पॅशनने तर निधी पाठवण्यासाठी सरकारने घातलेल्या पूर्वपरवानगीच्या अटीनंतर २०१७ मध्येच भारतातील काम बंद केले होते.

ख्रिस्ती शाळा म्हटली की धर्मादाय शाळा, असा समज साताऱ्यात तरी टिकू नये. पाचगणीचे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट (१८९५) हे फी भरून शिकण्याचे निवासी विद्यालय आहे आणि ते या नोंदीच्या कक्षेत येत नाही. तुलना करायचीच तर ती कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहांशी करावी. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये काले येथे निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात आली. सर्व जातींची मुले तेथे एकत्र जेवत. खर्चासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले, घरोघरी मूठ मूठ धान्य गोळा झाले आणि मुलांनी स्वतः राबून शिक्षण घेतले. मिझोराममधील ख्रिस्ती बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात, त्याचीच ही मूठ मूठ धान्याची रीत सख्खी बहीण म्हणावी. मराठी मंडळ्यांतही कापणीच्या सणाला जोंधळा, कोंबडी, भोपळा असे जे येईल ते वेदीपुढे ठेवून उपासनेनंतर त्याचा लिलाव करतात, आणि एखादा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीने जातो.